बकमिन्स्टर फुलर : ज्याच्या घुमटाच्या घरावर जग फिदा झालं, पण ते विकायची वेळ आली की घोडं अडलं

मोबाईलवर रील बघत बसलं की मधूनच एखादं घुमटाचं घर येतं. शेतात उभा पांढराशुभ्र अर्धगोल, आत एकही खांब नाही, वर त्रिकोणी खिडक्या आणि त्यातून दिसणारं आभाळ. बघणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न सुरू होतात. खर्च किती येतो? लोन मिळतं का? आपल्याकडं कोण बांधून देईल? देगलूर-उदगीरकडं रोडटच प्लॉट घेऊन ठेवलेला गडीसुद्धा मनातल्या मनात हिशोब मांडून बघतो.

एक प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. उद्या अडचण आली आणि हे घर विकायचं म्हटलं, तर घेणार कोण?

याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. घुमटाच्या घराचं वेड जगाला ज्यानं लावलं, तो बकमिन्स्टर फुलर. आणि त्याच उत्तराचा दुसरा भाग सापडतो आपल्या लातूर जिल्ह्यात, किल्लारीच्या बाजूला.

दोनदा कॉलेजातून काढलेलं पोरगं

फुलरचा जन्म १२ जुलै १८९५ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मिल्टन गावचा. पोराची नजर जन्मापासून अधू होती. चार वर्षांचा होऊन चष्मा लागेपर्यंत त्याला जग धूसरच दिसायचं. बालवाडीत बाईंनी वाटाणे आणि काड्या देऊन काहीतरी बनवायला सांगितलं. बाकीच्या पोरांनी चौकोनी घरं केली. याला चौकोन नीट दिसायचाच नाही, त्यामुळं हातानं चाचपून जे घट्ट वाटलं ते यानं जोडलं, आणि ते निघालं त्रिकोण.

त्रिकोणाची गंमत साधी आहे. चार काड्यांचा चौकोन कोपऱ्यावर दाबला की तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, काडी मोडेपर्यंत त्याचा आकार बदलत नाही. या एका गोष्टीवर फुलरनं पुढं आख्खं करिअर उभं केलं.

घरची परंपरा हार्वर्डची. पण या गड्याला हार्वर्डनं एकदा नाही, दोनदा काढून टाकलं. मग पहिल्या महायुद्धात तो नौदलात गेला. १९१७ मध्ये स्वतःच्या वाढदिवसालाच त्यानं ॲन ह्यूलेटशी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगी झाली, अलेक्झांड्रा.

इथं त्याच्या आयुष्याला वळण लागलं. अलेक्झांड्रा मेंदूज्वर, पोलिओ अशा आजारांनी बेजार होत राहिली आणि १९२२ मध्ये, चौथा वाढदिवस बघायच्या आत गेली. फुलरच्या मनात एक गोष्ट कायमची रुतून बसली. ओल येणारी, वारा आत घेणारी, गैरसोयीची घरं माणसाचा जीव घेतात, आणि जग मात्र घरं शंभर वर्षांपूर्वीच्या पद्धतीनंच बांधत बसलंय.

घराचा धंदा पहिल्यांदा बुडाला

मुलगी गेल्यावर त्यानं सासऱ्यासोबत धंदा काढला. सासरे जेम्स ह्यूलेट हे नावाजलेले वास्तुरचनाकार होते. लाकडाचा भुसा दाबून हलक्या विटा करायच्या आणि त्यांनी घरं बांधायची, अशी आयडिया. दोनशेच्या वर घरं बांधलीसुद्धा. पण पैशाचं गणित बसलं नाही आणि १९२७ मध्ये फुलरला कंपनीतून बाहेर पडावं लागलं.

शिकागोत हाताला काम नाही, घरात नुकतीच जन्मलेली दुसरी मुलगी अलेग्रा. त्या दिवसांत आपण जीव द्यायला मिशिगन सरोवराच्या काठावर गेलो होतो आणि तिथंच उरलेलं आयुष्य माणसांच्या उपयोगी लावायचं ठरवलं, असं तो पुढं भाषणांत सांगायचा. हा प्रसंग जसाच्या तसा घडला का, यावर अभ्यासकांनी शंका घेतलेली आहे. पण त्यानंतर तो घराच्या प्रश्नाला भिडला, हे खरं.

१९२९ मध्ये शिकागोच्या मार्शल फील्ड या मोठ्या दुकानात त्याच्या नव्या घराचं मॉडेल मांडलं गेलं. मधोमध एक खांब, त्याला टांगलेलं सहा कोनांचं घर. मोटारीसारखं कारखान्यात तयार करायचं आणि पाहिजे तिथं नेऊन बसवायचं. त्याचं नाव ठेवलं डायमॅक्सियन. गर्दी झाली, चर्चा झाली, पण घर काही बनलं नाही.

मग त्यानं तीन चाकांची मोटार काढली. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या दारातच तिचा अपघात झाला, ड्रायव्हर गेला आणि गाडीचं नाव खराब झालं. त्यानंतर धान्य साठवायच्या पत्र्याच्या कणग्या बघून त्याला सुचलं की यातच माणूस का राहू नये? १९४० च्या सुमारास त्यानं कणगीची गोल घरं केली आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यानं ती वापरलीसुद्धा. पण सैनिकाला घर विकायचं नसतं. युद्ध संपलं की तो गावी परत जातो.

ऑर्डरी हजारोंनी, घरं फक्त दोन

युद्ध संपत आलं तेव्हा विमानाच्या कारखान्यांना काम उरणार नव्हतं आणि परत येणाऱ्या सैनिकांना घरं हवी होती. फुलरनं दोन्ही गरजांची गाठ घालून दिली. कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात बीच एअरक्राफ्ट कंपनीच्या कारखान्यात ॲल्युमिनियमचं गोल घर तयार झालं. व्यास ३६ फूट, वजन जेमतेम तीन टन. किंमत ६,५०० डॉलर धरली होती. लोकांची हजारोंनी मागणी आली.

आणि तरी धंदा बसला. घर अजून पक्कं झालेलं नाही, सुधारणा बाकी आहेत, असं फुलर म्हणत राहिला. गुंतवणूकदारांचा धीर सुटला. बनली ती फक्त दोन नमुना घरं, तीही अर्धीमुर्धी.

या दोन घरांचं पुढं काय झालं, ते आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचं आहे. विल्यम ग्रॅहम नावाच्या एका गुंतवणूकदारानं दोन्हीचे सुटे भाग घेतले, त्यातून एक घर उभं केलं आणि ते आपल्या साध्या, नेहमीसारख्या घराला जोडलं. ग्रॅहम कुटुंब तिथं अनेक वर्षं राहिलं. पुढं घर रिकामं पडलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंबानं ते विकलं नाही, संग्रहालयाला देऊन टाकलं. आज ते डेट्रॉइटजवळच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. जे घर लाखोंनी विकायचं होतं, ते शेवटी तिकीट काढून बघायची वस्तू झालं.

त्रिकोणांचा घुमट उभा राहिला

१९४८ च्या उन्हाळ्यात फुलर नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवायला गेला. पोरांना घेऊन खिडकीच्या पडद्याच्या पट्ट्यांचा मोठा घुमट उभा करायला घेतला. तो उभाच राहिला नाही, जमिनीवर लोळत पडला. पुढच्या वर्षी बेत बदलला आणि घुमट उभा राहिला. फुलर आणि पोरं त्याला लोंबकळली, तरी तो हलला नाही.

ही कल्पना जगात पहिली नव्हती. जर्मनीत येना इथं वाल्टर बाउअर्सफेल्ड या इंजिनिअरनं वीसच्या दशकातच तारांगणासाठी असाच त्रिकोणांचा घुमट केला होता. पण फुलरनं त्यामागचं गणित मांडलं, त्याला जिओडेसिक डोम हे नाव दिलं आणि १९५४ मध्ये पेटंट मिळवलं.

घुमटात असं काय आहे, ते आपल्याकडच्या आकड्यांत बघू. २५० चौरस फुटांची चौकोनी खोली बांधायची तर भिंतींचा घेर साधारण ६३ फूट होतो. तेवढीच जागा गोल केली तर घेर ५६ फुटांवर येतो. म्हणजे जागा तेवढीच, भिंत कमी. वर भार पडला तर तो एका तुळईवर न राहता सगळ्या त्रिकोणांत वाटला जातो. आत खांब लागत नाही, वाऱ्याला अडायला सपाट भिंत नसते.

फोर्ड कंपनीला १९५३ मध्ये याचा अनुभव आला. त्यांच्या डिअरबॉर्नच्या रोटुंडा इमारतीच्या मोकळ्या चौकावर ९३ फूट व्यासाचं छत टाकायचं होतं. नेहमीच्या पद्धतीचं लोखंडी छत दीडशे टनांच्या पुढं गेलं असतं आणि इमारतीला ते पेललं नसतं. फुलरचा घुमट साडेआठ टनांत झाला.

मग रांगच लागली. अमेरिकन मरीन सैन्यानं घुमट हेलिकॉप्टरला टांगून नेले. आर्क्टिकच्या बर्फात रडारवर घुमट बसले. १९५६ मध्ये काबूलच्या जत्रेत १०० फुटांचा घुमट अफगाण कामगारांनी दोन दिवसांत उभा केला. अहमदाबादेत साराभाई भावंडांनी, म्हणजे गौतम आणि गीरा यांनी, फुलरच्या कामावरून प्रेरणा घेऊन १९६२ मध्ये कॅलिको मिलच्या दुकानासाठी घुमट बांधला. १९६७ मध्ये माँट्रियलच्या प्रदर्शनात अमेरिकेसाठी फुलरनं ७६ मीटर व्यासाचा घुमट उभा केला आणि त्याचं नाव घरोघरी गेलं. १९६९ मध्ये तो दिल्लीत जवाहरलाल नेहरू स्मृती व्याख्यान द्यायला आला, तेव्हा त्याची गणना जगातल्या मोठ्या विचारवंतांत होत होती.

पण त्याचं स्वतःचं घर गळायला लागलं

आता मुद्द्याचं. फुलर स्वतः घुमटात राहिला का? राहिला. १९६० च्या एप्रिलमध्ये इलिनॉय राज्यातल्या कार्बनडेल गावात त्यानं स्वतःसाठी घुमट बांधून घेतला. प्लायवूडचे ६० त्रिकोण, व्यास ३९ फूट, आणि सांगाडा उभा राहिला सात तासांत. वर पोटमाळ्यावर पुस्तकं आणि अभ्यासाची जागा. तिथं तो आणि ॲन १९७१ पर्यंत राहिले.

ते गेल्यावर घर दुसऱ्यांच्या हातात गेलं, भाडेकरू आले. पाणी गळायला लागलं. म्हणून वरून छपराचे डांबरी तुकडे ठोकले, त्यात मूळ रूप झाकलं गेलं, आणि गळती काही पूर्ण थांबली नाही. घर मोडकळीला आलं. शेवटी गावातल्या लोकांनी संस्था काढून ते वाचवलं. २००६ मध्ये त्याची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत झाली. म्हणजे फुलरचं घर वाचलं ते फुलरचं होतं म्हणून. शेजाऱ्याचं असतं तर कदाचित पाडलं असतं.

गळतीचं कारण घुमटाच्या बांधणीतच आहे. साध्या उतरत्या छपराला वर एक आढं असतं आणि पाणी खाली धावतं. त्रिकोणांच्या घुमटात जिकडंतिकडं सांधे असतात. उन्हानं तुकडे फुगतात, थंडीनं आकसतात, सांधे हलतात आणि त्यात भरलेला मसाला सुटतो. फोर्डच्या रोटुंडावर हेच झालं. तो घुमट गळायचा. नोव्हेंबर १९६२ मध्ये गळती बंद करायला कामगार गरम मसाला लावत होते, तेव्हाच आग लागली आणि आख्खी इमारत जळून गेली. माँट्रियलच्या घुमटाचं पारदर्शक आवरणही १९७६ मध्ये दुरुस्तीचं काम चालू असतानाच जळालं, मागं लोखंडी सांगाडा उरला. अहमदाबादचा घुमटही मिल बंद पडल्यावर दुर्लक्षित राहिला आणि पुढं त्याचं छत कोसळलं.

साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या तरुण पोरापोरींनी हातानं शेकडो घुमट बांधले. लॉइड कान यानं घुमट कसा बांधायचा याची पुस्तकं काढली आणि ती धडाधड खपली. काही वर्षं स्वतः घुमटात राहिल्यावर मात्र त्याचं मत फिरलं. चांगलं खपणारं पुस्तक त्यानं छापायचं बंद केलं आणि १९७३ मध्ये साध्या, गावठी पद्धतीच्या घरांवर नवं पुस्तक काढलं.

फुलर शेवटपर्यंत घुमटाच्या बाजूनं बोलत राहिला. १ जुलै १९८३ ला लॉस एंजेलिसमध्ये, बेशुद्ध असलेल्या ॲनला भेटायला गेलेला असताना त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. दीड दिवसात तीही गेली. दोन वर्षांनी शास्त्रज्ञांना ६० कार्बन अणूंचा चेंडूसारखा रेणू सापडला, त्याला फुलरचं नाव दिलं गेलं आणि त्या शोधाला १९९६ चं नोबेल मिळालं.

आणि मग घुमट आला लातूरला

फुलर गेल्याला दहा वर्षं झाली होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आसपास, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. सुमारे आठ हजार माणसं मेली. मारलं ते घरांनीच. मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद.

अशा वेळी हलकं, कोपरे नसलेलं, अंगावर पडणार नाही असं घर कुणाला नको होतं? ५२ गावं नव्या जागी वसवायची होती. कुठं सरकारनं, कुठं देणगीदार संस्थांनी घरं बांधून दिली. देगलूरहून उदगीर, निलंगा करत किल्लारीच्या पट्ट्यात गेलं की गुबाळ नावाचं गाव लागतं. तिथं एका संस्थेनं बांधून दिली ती घुमटाची घरं.

इंजिनिअरच्या नजरेनं निवड बरोबरच होती. अडचण राहणाऱ्याच्या नजरेनं होती. मराठवाड्यात घर मोजतात खणांत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. पोराचं लग्न झालं की दोन खण वाढवायचे, भावाभावांत वाटणी झाली की तीन खण तुला, तीन मला. पुढं ढाळज, मागं परस, बाजूला गुरांची जागा. घर असं पिढ्यापिढ्यांत वाढतं आणि तुटतं.

घुमट वाढत नाही. भिंत फोडली तर भार वाहणारी साखळीच तुटते. मधोमध भिंत घालून वाटणी करावी तर दोघांच्याही वाट्याला अर्धी भाकरी येते. पेटी, पलंग, कणगी, देव्हारा, कपाट, सगळं सरळ पाठीचं. गोल भिंतीला लावलं की मागं जागा वाया. आणि एक साधं गणित बघा. १८ फूट व्यासाच्या पूर्ण अर्धगोलात खाली जागा भरते साधारण २५४ चौरस फूट. पण सहा फूट उंचीवर मोजली तर १४१. म्हणजे उंच माणसाला डोकं न आपटता वावरायला निम्म्यापेक्षा थोडीच जास्त जागा. पुनर्वसनाचा अभ्यास करणाऱ्यांनी या घरांबद्दल हाच आक्षेप नोंदवला : घरं मजबूत आहेत, पण राहण्याच्या रीतीशी जुळत नाहीत.

विकताना घोडं कुठं अडतं?

ज्या घराची वाटणी होत नाही आणि जे वाढत नाही, ते घर विकतानाही त्रास देतं. कारण घेणारा घराबरोबर पुढची तीस वर्षं विकत घेत असतो.

दुसरी अडचण किमतीची. घराचा भाव ठरतो शेजारचं तसंच घर केवढ्याला गेलं यावरून. आजूबाजूला तसं दुसरं घरच नसेल तर भाव ठरवायचा कशावरून? घरकर्जाच्या बाजारातली अमेरिकेतली मोठी संस्था फॅनी मे घुमटाच्या घराला नाही म्हणत नाही. पण अशा घराला त्या भागात गिऱ्हाईक आहे, हे मूल्यांकन करणाऱ्याला दाखवून द्यावं लागतं. जिथं घुमटाचा जन्म झाला तिथं ही अवस्था. आपल्याकडं बँकेचा व्हॅल्युअर प्लॉटचा भाव लगेच सांगेल, घुमटापाशी येऊन मात्र तो विचारात पडणार. कर्ज मिळेना की घेणाऱ्यांतले बरेच जण गळतात, उरलेला रोख पैसेवाला भाव पाडून मागतो.

म्हणून देगलूरला असो की लातूरला, घुमट बांधायचाच असेल तर काही गोष्टी आधी बघाव्या लागतात. प्लॉटची किंमत घरापेक्षा जड असू द्यावी, म्हणजे विकताना जमीन तारून नेईल. नगर परिषदेची बांधकाम परवानगी कागदावर पक्की पाहिजे. बँकेला विचारायचं ते पाया खणायच्या आधी. घुमट तुकड्यातुकड्यांचा करण्यापेक्षा सिमेंटचा सलग केला तर सांधे कमी, गळती कमी. खाली चार-पाच फूट सरळ भिंत उचलून त्यावर घुमट बसवला तर कपाटही लागतं आणि डोकंही वाचतं. आणि बाजूला दोन चौकोनी खोल्यांची जागा मोकळी सोडावी. विचिटाच्या ग्रॅहमनं तेच केलं होतं : गोल घर हौसेला, चौकोनी घर संसाराला.

रिसॉर्ट, हॉल, मंगल कार्यालय, तारांगण, गोदाम अशा ठिकाणी घुमट आजही जोरात चालतो, कारण तिथं वाटणी नसते आणि पलंग-कपाटाची फार अडचण नसते. फुलरनं एका मुलीच्या मरणातून सुरुवात केली होती, आणि घर हलकं, स्वस्त, सुरक्षित कसं करायचं याचं गणित त्यानं बऱ्यापैकी सोडवलं. त्यात एकच रकाना रिकामा राहिला. त्याच्या हिशोबात घर ही एकदा बनवून वापरायची वस्तू होती. आपल्याकडं घर म्हणजे पोरांच्या नावावर करायची, भावांत वाटायची आणि वेळ पडली तर दवाखान्याच्या बिलासाठी विकायची ठेव असते.